एकेचाळीस अंगठे

१२ जानेवारी १९७५, रविवार. मिरज

कोल्हापूरला सरांच्या घरी जाऊन आलो. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. सात वर्षांत त्यांनी माझा विषय तीनदा बदलला आणि स्वतःचं घर दोनदा. आज चौथा विषय पक्का झाला: ‘आंतरराज्य सीमेवरील नाके आणि हंगामी स्थलांतरित मजुरांचे गुन्हेगारीकरण’. दिलशादला नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढं नाव घेईपर्यंत मजूर हद्द ओलांडून घरीसुद्धा जाईल.” बायको म्हणून तिला हसायचा हक्क आहे. छत्तिसाव्या वर्षी कॉलेजात अजून साधा अधिव्याख्याता असलेल्या नवऱ्याला कुणीही हसावं.

पण विषय खरा आहे. दर सुगीला जत तालुक्यातून आणि हद्दीपलीकडून बायामाणसं कृष्णाकाठी ज्वारी काढायला येतात, वाळव्यापासून पार कराडपर्यंत. मजुरी ज्वारीतच मिळते, ही चाल जुनी. परतताना ती डोक्यावर घेऊन जातात. आता परवान्याशिवाय धान्य राज्याच्या हद्दीपार न्यायला बंदी आहे. म्हणजे कराडात जी मजुरी असते ती जतच्या नाक्यावर चोरटा माल होते. वाटेत ज्वारीत काहीच बदल होत नाही. मला हेच मांडायचं आहे, की सरकार माणसांना पकडत नाही, आधी कागदावर गुन्हेगार बनवतं आणि मग पकडतं.

सरांची एकच अट. मागे त्यांच्या एका विद्यार्थ्यानं घरी बसून सगळ्या मुलाखती रचल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक मुलाखतीखाली माहिती देणाऱ्याची सही हवी, नाहीतर अंगठा. प्रबंधात नाव छापायचं नाही, फक्त क्रमांक. अट रास्त वाटली. शंभर फॉर्म छापून घेतले, एक शाईचं पॅडही घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा नाक्यावर गेलो. आडवा बांबू, एक रिकामं पिंप आणि पत्र्याचं शेड, एवढ्यावर आपलं राज्य संपतं. एसटीतून उतरलेल्या एका म्हातारीच्या गाठोड्यात गुंडा नावाचा हवालदार लोखंडी गज खुपसून बघत होता. माझ्याकडे पाहिलं आणि सलाम केला. माझी पिशवी चांगली फुगलेली होती. त्यानं हातसुद्धा लावला नाही. चष्म्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

इथले फौजदार नानासो. मला वाटलं होतं मिशा पिळणारा असेल. निघाला बी.ए. झालेला, वाचणारा माणूस. चहा मागवला, विषय विचारला, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, आमच्याबद्दल वाईटच लिहिणार ना? लिहा. पण आकडे बरोबर लिहा.” आणि अटकेचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक पुस्तक मिळवायला मला तीन सह्या लागतात.

२ मार्च, रविवार

सुगी जोरात. बायांची पहिली टोळी परतली. अकरा बाया, त्यातली एक टोळीची मुकादमीण. गुंडा हवालदारानं सगळ्यांना रांगेत माझ्यापुढे उभं केलं. प्रत्येकीला विचारलं, किती वर्षं जाता? “पयलंच वर्स.” नाक्यावर कधी पकडलंय? “न्हाई बा.” ज्वारी किती आणली? “कसली ज्वारी?” डोक्यावर गाठोडं आणि तोंडानं कसली ज्वारी! अकरा फॉर्म वाया गेले.

नानासो हसले. “अहो सर, खाकी दिसल्यावर कोण खरं बोलेल? त्यांना तिकडं बाभळीखाली न्या. आम्ही येत नाही. घरचं विचारा, लेकीबाळींचं विचारा. मग बघा.” संशोधनाची ही पद्धत मला सरांनी सात वर्षांत शिकवली नव्हती. नानासोंनी माझा फॉर्मही वाचला. एक सुधारणा सुचवली: ‘ज्वारी नेली’ हे मोघम आहे, ‘विनापरवाना नेली’ लिहावं. आणि ‘पुष्कळदा’ऐवजी ‘वारंवार’. बरोबर आहे. लिखाणात काटेकोरपणा हवाच.

९ मार्च, रविवार

आज खरं काम झालं. तीच मुकादमीण दुसऱ्या फेरीला आली. भामाबाई नाव. पन्नाशीची असावी. जन्म जतचा, दिलेली पलीकडे, हद्दीपासून दीड कोसावर. बाभळीखाली बसलो. मी मिरजेचा म्हणाल्यावर तिनं नीट बघितलं.

“मिरजंत कुठं?”

“सतारी करतात तिथं. आमचं घर त्यातलंच. वडील भोपळे कोरायचे.”

“आन तुमी?”

“मी कागद कोरतो.”

ती खळखळून हसली. मग आपणच बोलायला लागली. एकच लेक, चंद्रा. कुपवाडात दिलीय. जावई अर्जुना तिथल्याच कारखान्यात लेथवर. चंद्राचं मागलं बाळंतपण रीतीप्रमाणं आईकडे झालं. गावात सुईणीशिवाय कोणी नाही. मूल अडलं आणि गेलं. लेक कशीबशी वाचली. आता पुन्हा दिवस राहिलेत.

“श्रावणात बाळंत हुईल. ह्या येळेला रीत-बीत काय न्हाई मास्तर. मिरजंच्या दवाखान्यात. आन म्या तिच्या उशाला बसणार, पयल्या कळंपास्नं. तिला तसा शबूद दिलाय.”

मग मी विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. सात वर्षं जाते. दोनदा धरलं, दोनदा दंड झाला, ज्वारी जप्त. तेव्हापासून ज्वारी जास्त असली की नाका चुकवून खालच्या ओढ्यानं जाते, सगळ्या टोळीला तीच नेते. मी भराभर लिहिलं. एका बैठकीत एवढा विश्वास मिळवणं सोपं नाही, हे मला स्वतःला सांगायला हरकत नाही.

अंगठ्यासाठी पॅड पुढे केलं. तिनं पदरानं अंगठा पुसला आणि विचारलं, “ह्यानं नाक्यावर सोडतील न्हवं?”

मी म्हणालो, “याचा उपयोग होईल.”

खोटं नाही. प्रबंध छापला गेला, कुणी वाचला, धोरण बदललं, तर उपयोग होईलच. पण ती ज्या अर्थानं म्हणाली तो अर्थ मला कळला होता, हेही इथं लिहून ठेवतो. नीट समजावत बसलो असतो तर एसटी चुकली असती. तिनं उठून बाकीच्या बायांना हाक मारली, “या गं, ह्यो मास्तर पास करून देतोय.” दहा मिनिटांत दहा अंगठे.

३० मार्च, रविवार

एकूण एकेचाळीस फॉर्म. सगळे भरलेले, सगळ्यांवर अंगठे. आता लोक आपणहून येतात. एका धनगरानं तर बरोबर आणलेले फॉर्म संपले असं सांगितल्यावर आपला अंगठा नुसत्या पाठकोऱ्या कागदावर उठवून घ्या म्हणून हट्ट धरला.

मला आज पुढे विजापूरला जायचं होतं, पलीकडच्या नाक्याची माहिती घ्यायला. नानासो म्हणाले, “हे कागद बरोबर नेऊ नका. पलीकडचे काढून घेतील, मग तुमची मेहनत पाण्यात. इथं कपाटात ठेवा. किल्ली माझ्याकडे.” माणूस माझ्या कामाची काळजी माझ्यापेक्षा जास्त करतो.

४ एप्रिल

विजापुरात चार दिवस फुकट. फक्त धूळ खाल्ली. येताना फॉर्म घेतले. मी क्रमांकानं लावले होते, ते आता गावनिहाय लावलेले होते, तांबड्या फितीनं बांधून. पोलिसांत एवढी टापटीप असेल असं वाटलं नव्हतं. मला नाहीतरी गावनिहाय तक्ता करायचाच होता. दोन दिवसांचं काम वाचलं.

११ मे

पहिला मसुदा सरांना दिला. त्यांनी एकेचाळीस अंगठ्यांची पानं एकेक करून उलटली, मजकूर न वाचता. म्हणाले, “याला म्हणतात अस्सल सामग्री.” सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला जेवायला थांबवलं.

२९ जून

आणीबाणी लागून तीन दिवस झाले. कॉलेजात सगळे एकदम मवाळ बोलायला लागलेत, घरात आजारी माणूस असल्यासारखे. सरांचं पत्र आलं. ‘गुन्हेगारीकरण’ हा शब्द सध्याच्या वातावरणात गैरसमज करणारा आहे. विषय ‘सीमाभागातील हंगामी मजूर आणि गुन्हेगारी’ असा करावा. शेवटचं प्रकरण गाळावं.

शेवटच्या प्रकरणात मी म्हटलं होतं की या माणसांचा काही गुन्हा नाही. ते गाळल्यावर उरतात नुसते तक्ते: कोण, कुठल्या गावचा, किती वेळा, कुठल्या वाटेनं.

गाळलं, आणि प्रबंध विद्यापीठात दाखल केला.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी दारात एक बाई उभी. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. “मास्तर हाइत का? मी चंद्रा. भामाबाईची.” कुपवाडहून कुणाच्या तरी टेम्पोतून आली होती. भामाबाईनं विजापूर गाडीच्या कंडक्टरकडून तिच्याकडे एक कागद पाठवला होता. निरोप असा, की मिरजेतल्या सतारवाल्या मास्तराकडून वाचून घे, तो आपला माणूस हाय.

कागद प्रांतसाहेबांच्या हुकमाचा. भामाबाईला सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार केलं आहे. तारीख २१ जुलै. कारण: सदर इसम सराईत असून, दोनदा शिक्षा होऊनही विनापरवाना धान्य वारंवार हद्दीपार नेते, टोळीचे नेतृत्व करते, ओढ्याचा मार्ग वापरते, याबाबत सदर इसमाचा स्वतःच्या अंगठ्याचा कबुलीजबाब उपलब्ध आहे.

विनापरवाना. वारंवार. माझेच शब्द. म्हणजे माझेही नव्हेत, मला सुचवलेले.

चंद्रानं विचारलं, “काय लिवलंय?”

मी सांगितलं, आईला दोन वर्षं इकडं यायची बंदी आहे.

“दोन वर्सं? आन श्रावणात?”

“श्रावणातही.”

“पर का? आईनं काय क्येलं?”

मी म्हणालो, ज्वारीचं आहे काहीतरी. एवढंच म्हणालो. दिलशादनं तिला पाणी दिलं, जेवू घातलं. मी आतल्या खोलीत जाऊन फॉर्मची फीत सोडली, पुन्हा बांधली. फीत सरकारी आहे हे आज लक्षात आलं.

५ ऑगस्ट

रजा टाकून नाक्यावर गेलो. खूप काही बोलायचं ठरवून गेलो होतो. नानासोंनी उठून हात मिळवला.

“सर, तुमच्यामुळं सहा जणांची प्रकरणं वर टिकली. नाहीतर आमच्याकडं पुरावा कुठला? पंच फुटतात, साक्षीदार पळतात. अंगठा पळत नाही.”

मी म्हणालो, तो माझ्या अभ्यासाचा कागद होता. तुमच्यावर विश्वास टाकून ठेवला होता.

“मग हरवला का? एकेक कागद परत दिला की. फोटो काढून नक्कल करून घेऊ नका असं तुम्ही म्हणाला नव्हता.” आवाज जराही चढला नाही. “आणि सर, तिनं तुमच्यावर विश्वास टाकला होता. माझ्यावर नाही. मला तर ती म्हणत होती, कसली ज्वारी?”

चहा आला. मी प्यायलो. का प्यायलो ते कळत नाही. निघताना गुंडानं सलाम केला.

९ ऑगस्ट

सांगलीतल्या वकील मित्राकडे गेलो. तो म्हणाला, अपील करता येईल, हुकमापासून तीस दिवसांत, म्हणजे वीस तारखेच्या आत. वर मुंबईला करायचं. भामाबाईचं नव्यानं निवेदन हवं, की तो कागद पोलिसांपुढचा जबाब नव्हे, आपली समजूत वेगळी करून दिली होती. खाली तिचा अंगठा. सोबत माझं प्रतिज्ञापत्र. “तुझी नोकरी जाऊ शकते,” तो म्हणाला. “सध्या कशानंही जाते.”

दिलशादला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “जाऊ द्या. भोपळे कोरायला शिका.” थट्टा नव्हती. प्रतिज्ञापत्र केलं आणि सही केली. सही करण्याआधी दोनदा वाचून काढलं. त्या बायांना मी एकदाही वाचून दाखवलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

भामाबाईच्या गावी गेलो. गाव कसलं, वीसेक घरं आणि एक कोरडी विहीर. लांबून मला पाहून बाया घरात शिरल्या. मार्चमध्ये याच बाया अंगठ्यासाठी माझ्याभोवती गर्दी करत होत्या. भामाबाई अंगणात चातीवर मेंढीच्या लोकरीचं सूत काढत होती. बस म्हणाली नाही. मी बसलो.

मी सगळं सांगितलं. काहीही न लपवता, फॉर्म, कपाट, नक्कल, सगळं. आधी चंद्राला सांगायला हवं होतं ते हिला सांगितलं. ती ऐकत होती, हातातली चाती फिरत होती.

“म्हंजी तो पास नव्हता.”

“नव्हता.”

“तुमाला तवा ठावं हुतं?”

“माहीत होतं.”

“मग तवाच सांगायचं हुतं. मी काय तुमाला मारलं असतं?”

मी निवेदन काढलं, वाचून दाखवलं. म्हणालो, यावर अंगठा दिलात तर वीस तारखेच्या आत मुंबईला अपील जाईल. निकाल लांबला तरी तोवर निदान बाळंतपणापुरतं येऊ द्या, असा अर्ज सोबत जोडता येईल. वकील म्हणतो आशा आहे. पॅडचं झाकण उघडलं.

तिनं चाती खाली ठेवली आणि दोन्ही हात लुगड्याच्या ओच्यात घातले.

“न्हाई.”

“भामाबाई, या वेळचा कागद खरंच तुमच्यासाठी आहे.”

“तवाबी तुमी असंच म्हणला हुता.”

“मी शपथ घेतो.”

“मास्तर, मी तुमच्या कामाला न्हाई म्हणत न्हाई. काय सांगायचं त्ये तोंडानं सांगते. मुंबईला चला म्हणा, तितं यिऊन सांगते. पर अंगठा न्हाई. आमच्या गावात आता कुणीच देत न्हाई. रेशनच्या कार्डाचा तलाठी आलता, त्येलाबी न्हाई दिला.”

अर्धा तास बोललो. ती रागावली नाही. शेवटी मी तिच्या लेकीचं नाव काढलं. चंद्राला शब्द दिलाय ना तुम्ही, असं म्हणालो. ते म्हणायला नको होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी हात ओच्यातच राहिले. मला वाटतं, बाहेर काढले तर मी धरीन अशी तिला भीती वाटली.

निघताना तिनं आतून एक गाठोडं आणलं. कुंची, दोन दुपटी, जुन्या लुगड्याची गोधडी. खाली दोनेक शेर ज्वारी.

“कराडची हाय, सुगीतली. तेवढीच राखली हुती. बाळंतिणीला पयल्यांदा ह्येच्या कण्या घाला म्हणावं. आन सांगा तिला, आई येनार हुती.”

नाक्यावर गाडी थांबली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याचं बोचकं गुंडानं खाली उतरवलं, गज खुपसला. मग माझ्यापाशी आला. मांडीवरच्या पिशवीच्या तोंडातून कुंचीची झालर बाहेर आली होती, तळाला ज्वारी, परवाना नाही. “कसं काय सर, मिरजंला?” म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला. मी म्हणू शकलो असतो, ‘ही पिशवीपण उघड.’ म्हणालो नाही.

२१ ऑगस्ट

मुदत काल संपली. माझ्या एकट्याच्या प्रतिज्ञापत्रावर काही होत नाही, वकिलानं ते परत दिलं. आजच विद्यापीठाचं पत्र आलं. प्रबंध पसंत, तोंडी परीक्षा ऑक्टोबरात. एका परीक्षकानं लिहिलंय, तळागाळातील माणसांचा इतका विश्वास संपादन करणारा अभ्यास विरळा.

२६ ऑगस्ट

चंद्रा पहाटे बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक आहेत. तिच्या उशाला दिलशाद बसली होती, पहिल्या कळेपासून. मी सकाळी गाठोडं आणि कण्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो. कण्या दिलशादनंच काल भरडून भिजवून ठेवल्या होत्या, सकाळी मी शिजवल्या.

चंद्रानं दुपटं उलगडलं, वास घेतला, बाळाच्या अंगावर घातलं. मी तिला मग सगळं सांगितलं, जे दारात उभी होती त्या दिवशी सांगायला हवं होतं. तो कागद मीच लिहिला होता हेही सांगितलं. ती बाळाकडे बघत होती. रडेल असं वाटलं, चिडेल असं वाटलं.

दुपट्याचं टोक खोचत तिनं विचारलं, “मग आईनं दुसऱ्या कागदाव अंगठा दिला?”

“नाही दिला.”

“बरं क्येलं,” ती म्हणाली, आणि डबा जवळ ओढून कण्या खाऊ लागली.